पन्नास पेट्या नकोत, दोन पुरेत

रमजानच्या पंधरा दिवस आधी माझा भाचा दुकानावर एक रंगीत पत्रक घेऊन आला. पत्रकावर मधाने भरलेली बरणी, पिवळ्या फुलांचे शेत आणि खाली मोठ्या अक्षरांत मजकूर : पन्नास पेट्या घ्या, तयार होणारा मध आम्हीच विकत घेऊ. भाचा म्हणाला, ‘‘मामू, यात आपल्याला काहीच करावे लागत नाही. काम माश्या करतात, आपण फक्त पैसे लावायचे.’’ मी त्याला चहा पाजला आणि विचारले, ‘‘बेटा, मधमाश्यांची पेटी कधी उघडून पाहिलीस?’’ त्याने पाहिली नव्हती. पत्रक देणाऱ्यानेही त्याला ती उघडून दाखवली नव्हती.

त्यानंतर महिनाभरात आणखी दोन ओळखीचे लोक हीच चौकशी करून गेले. एक कारखानदार, दुसरे अत्तर-टोपीचे दुकानदार. मालेगावात लूम चालू असतात तेव्हा कुणाला मान वर करायला फुरसत नसते आणि मंदी आली की प्रत्येकजण जोडधंदा शोधू लागतो. म्हणून या विषयावर लिहावेसे वाटले. मी कापडाचा व्यापारी. शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे मराठीत कुठे चूक झाली तर वाचक बंधूंनी सांभाळून घ्यावे. मधमाश्या मात्र मी सहा वर्षांपासून पाळतो आहे आणि त्यातले पहिले वर्ष संपूर्ण नुकसानीचे गेले. तेच आधी सांगतो.

आपल्या लोकांनी या धंद्यात यावे असे माझे स्पष्ट मत आहे. पण गुंतवणूक म्हणून येऊ नये. हे हाताचे काम आहे, आठवड्याला वेळ मागणारे. ज्याला तो वेळ नाही त्याने पन्नास काय, एक पेटीसुद्धा घेऊ नये. इमूपालनाचे काय झाले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. पक्षी घ्या, अंडी आम्ही घेऊ, असे सांगणाऱ्या योजना २०१२ च्या सुमारास कोसळल्या आणि लोकांच्या वाड्यात ते उंच पक्षी दाणे खात उभे राहिले. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबडीच्या नावाने तेच झाले. माल विकत घेण्याचे वचन देणारा माणूस स्वतःच पिल्ले किंवा पेट्या विकत असेल, तर त्याचा नफा पेट्या विकतानाच झालेला असतो. कापडात इतकी वर्षे काढली त्यांना हा हिशेब मी समजावून सांगायला नको. तरी चूक होते, माझीही झाली.

मी पाच पेट्या एकदम घेतल्या होत्या. विकणाऱ्याने सांगितले, प्रत्येकीत आठ चौकटी माश्यांनी भरलेल्या आहेत. मी झाकण न उघडता पैसे दिले. दुकानात कापडाचा तागा उलगडून, बोटांनी चोळून, उजेडात धरून घेणारा मी, पेटी मात्र न उघडता घेतली! घरी आणून पाहिले तर तीन पेट्यांत चारच चौकटींवर माश्या होत्या, बाकीच्या चौकटी रिकाम्या. त्या पेट्या मी सटाणा रस्त्यावरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या डाळिंबाच्या बागेजवळ ठेवल्या आणि दुकानाच्या कामाला लागलो. एप्रिलमध्ये दोन पेट्या रिकाम्या झाल्या. माश्या मेल्या नव्हत्या, घर सोडून गेल्या होत्या. आसपास पाणी नव्हते, फूल नव्हते, दुपारचे ऊन थेट पेटीवर येत होते. पावसाळ्यात तिसरी पेटी मेणकिड्याने खाल्ली. उघडली तर आत कोळ्यासारखे जाळे आणि वळवळणाऱ्या अळ्या. चौथी औषध फवारणीत गेली. सकाळी पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा ढीग होता. शेतकऱ्याची त्यात चूक नव्हती. मी त्याला फवारणीबद्दल काही सांगितलेच नव्हते. पाचवी वाचली, ती कशी वाचली हे मला त्या वेळी कळले नाही.

आता कामाच्या गोष्टी.

मधमाश्यांच्या सर्व जाती पेटीत राहत नाहीत. आग्या माशी मोठ्या झाडावर किंवा कड्यावर उघडे पोळे बांधते. तिला पेटीत ठेवता येत नाही आणि तिच्या वाटेला जाऊ नये. फुलोरी झुडपात लहानसे पोळे करते, तीही पेटीत टिकत नाही. पेटीत राहतात त्या दोन : आपली देशी सातेरी आणि युरोपातून आलेली मेलिफेरा. मेलिफेरा १९६० नंतरच्या काळात हिमाचल आणि पंजाबकडे रुजली आणि तिथून देशभर पसरली. सातेरी डोंगराळ, झाडीच्या भागात चांगली राहते. महाबळेश्वरचा जांभळाचा मध सातेरीचाच. ती कमी मध देते, वर्षाला पाच-सात किलो मिळाला तरी समाधान मानावे, पण तिला इकडून तिकडे फिरवावे लागत नाही. मेलिफेरा त्याच्या कितीतरी पट मध देते, मात्र तिला फुलांच्या मागे न्यावे लागते. इथे बहर संपला की दुसऱ्या पिकावर, तिथला संपला की तिसऱ्या. गाडीभाडे, रात्रीचा प्रवास, दुसऱ्या गावात मुक्काम. पत्रकावर जे किलो छापतात ते अशा फिरत्या पेट्यांचे असतात आणि सांगतात ते घरी बसणाऱ्याला.

नव्या माणसाने दोन पेट्यांनी सुरुवात करावी. एकच घेतली तर तुलना करायला काही राहत नाही. दोन असल्या की एक सुस्त का आणि दुसरी जोरात का, हे डोळ्यांना दिसते. शिवाय एकीची राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देऊन ती सावरता येते. पहिल्या वर्षी मधाचा हिशेब मांडूच नये.

पेटीबद्दल आपल्या सुतार बंधूंनी जरा लक्ष देऊन वाचावे. आजची चौकटींची पेटी अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ या पाद्र्याने १८५०च्या सुमारास बसवली. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये माशीला जाण्यापुरती ठराविक फट सोडली तर माशी ती मोकळी ठेवते, हे त्याने ओळखले. फट मोठी झाली की ती तिथे जादा पोळे बांधते, लहान झाली की मेलिफेरा चिकट राळेने ती बुजवून टाकते. दोन्ही वेळा चौकट बाहेर निघत नाही आणि ओढली तर पोळे फाटते. ही फट मेलिफेरासाठी साधारण ९ मिलिमीटर, सातेरीसाठी त्याहून थोडी कमी. म्हणजे सारा धंदा सुताराच्या मापावर उभा आहे. बाजारात स्वस्त पेट्या मिळतात, त्यांचे लाकूड ओले असते. एका पावसात फळी वाकते आणि माप जाते. आमच्या मोहल्ल्यातील एका मिस्त्रींनी मला जुन्या सागवानी दाराच्या फळ्यांतून पेटी करून दिली, ती आजही जशीच्या तशी आहे. मी नमुन्याची पेटी नेऊन दिली होती, तिच्यावरून त्यांनी माप उतरवले. आता ते आसपासच्या शेतकऱ्यांना पेट्या करून देतात. लाकूड वाळलेले असावे, त्याला उग्र वास नसावा, आतून रंग लावू नये. तळाची फळी, पिलांची कोठी, वरची मधकोठी, झाकण आणि चौकटी, एवढेच काम आहे, पण प्रत्येक नग दुसऱ्या पेटीत अदलाबदल करून बसला पाहिजे.

पत्र्याचे काम करणाऱ्यांसाठी धुराडे आहे : नळकांडे, त्याला चोच आणि मागे भाता. शिवणकाम करणाऱ्यांसाठी पोशाख आहे आणि इथे मला कापडवाला म्हणून बोलायचा हक्क आहे. पोशाख पांढऱ्या किंवा फिक्या, गुळगुळीत सुती कापडाचा असावा. लोकरी, केसाळ किंवा काळे कापड पाहून माश्या चिडतात. अस्वलासारखा शत्रू आला असे त्यांना वाटत असावे. कापड अंगाला चिकटता कामा नये, कारण चिकटलेल्या कापडातून डंख लागतो. बाह्या आणि पायघोळीला इलॅस्टिक घालावे. तोंडावरची जाळी मात्र काळी घ्यावी. पांढऱ्या जाळीतून उन्हात समोरचे दिसत नाही, चौकटीतले अंडे तर मुळीच दिसत नाही. पांढऱ्या जाळीचे तयार पोशाख विकणारे आहेत. त्यांनी स्वतः घालून पेटी उघडली नसावी. धुराड्यात गोणपाट किंवा निव्वळ सुती चिंध्या जाळाव्यात. लूमखात्यातली चिंधी फुकट मिळते म्हणून पॉलिस्टरची चिंधी टाकू नये. तिचा धूर माशीला बाधतो, माणसालाही बाधतो.

पेटी ठेवायची कुठे? आपल्या गल्लीत, गच्चीवर मुळीच नाही. शेजारी मुले खेळतात, शेळ्या बांधलेल्या असतात, मिठाईच्या दुकानावर आणि सरबताच्या गाड्यावर माश्या जाऊन बसतात, मग भांडण पेटीवाल्याशी होते. एखाद्याच्या श्वासाला त्रास झाला तर प्रसंग जिवावर येतो. डंख लागला की तो नखाने खरवडून काढावा, चिमटीत धरून दाबू नये. आणि अंगभर गांध्या उठल्या किंवा श्वास कोंडू लागला तर घरगुती उपायात एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठावा.

पेटी शेतकऱ्याच्या बांधावर जाते. माझ्या मते आपल्या शहरी लोकांना या धंद्यात खरी कमाई इथेच आहे. सटाणा, देवळा, कळवण हा पट्टा कांदा आणि डाळिंबाचा. कांद्याचे बी धरणाऱ्याला गोंड्यांवर माशी हवी असते, कारण परागकण एका गोंड्यावरून दुसऱ्यावर नेणारे कुणीतरी लागते. मात्र कांद्याच्या फुलावर माशी फार खुशीने बसत नाही. जवळ दुसरे फूल असले तर तिकडे पळते. म्हणून पेटी फुले चांगली उमलल्यावर आणि पिकाच्या अगदी लगत आणावी लागते. शेवगा, सूर्यफूल, कोथिंबिरीचे बी, कारली-दोडके, कलिंगड, सगळीकडे माशीचे काम आहे. काही शेतकरी बहरापुरती पेटी भाड्याने घेतात. मी ज्यांच्या बांधावर पेट्या ठेवतो ते मला शेठ म्हणतात आणि मी त्यांना अण्णा म्हणतो. आमचा तोंडी करार आहे. जागा आणि पाणी त्यांचे, पेट्या आणि देखभाल माझी, वर्षाला दोन बरण्या मध त्यांच्या घरी. फवारणी असेल तर आदल्या दिवशी फोन. अण्णा आता संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर फवारतात. औषध जहाल असेल तर मी आदल्या रात्री दारे बंद करून पेट्या तीन-चार किलोमीटर लांब नेतो. जवळच सरकवून चालत नाही, कारण माशी आपल्या जुन्या जागीच परत येते आणि तिथे घोटाळून मरते.

पेटी सावलीत, दार पूर्वेकडे, चार पायांच्या घोडीवर आणि प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वाटीतले पाणी उन्हाळ्यात दोन दिवसांत आटते; मुंग्यांना ते आपल्या आधी कळते. जवळ पाण्याचे उथळ भांडे ठेवून त्यात खडे टाकावेत, नाहीतर माश्या बुडतात. उन्हाळ्यात झाकणावर ओले गोणपाट टाकावे. वेडा राघू तारेवर बसून एकेक माशी टिपतो. त्याला हाकलावे, मारू नये, थोड्या माश्या त्याच्या नशिबाच्या.

बहरात दर सात-आठ दिवसांनी आणि एरवी पंधरा दिवसांनी पेटी उघडावी. सकाळी ऊन आल्यावर, वारा नसताना, धुराचे दोन-तीन झोत देऊन, हळू. नवा माणूस राणी शोधत बसतो आणि माश्या चिडवतो. राणी दिसण्याची गरज नाही. घरात तळाशी एकेक उभे अंडे दिसले म्हणजे राणी तीन दिवसांत तिथे होती. अंडे तीन दिवसांनी फुटते. एका घरात तीन-चार अंडी वेडीवाकडी दिसली तर राणी गेली आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या असे समजावे. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबती घरे दिसू लागली तर नव्या राण्या तयार होत आहेत आणि अर्धी वसाहत उडून जाण्याच्या बेतात आहे. तेव्हाच वसाहतीचे दोन भाग करावेत. एक पेटी गेली म्हणण्याऐवजी एकीच्या दोन झाल्या असे होते.

मेणकिडा दुबळ्या पेटीत येतो. माश्यांना जितकी पोळी झाकता येतील तितक्याच चौकटी आत ठेवायच्या, रिकामी पोळी काढून घ्यायची, तळाची फळी खरवडून साफ करायची. माझी तिसरी पेटी याच कारणाने गेली : चार चौकटींच्या माश्या आणि आठ चौकटींची पोळी. पाचवी वाचली कारण तिच्यात जागेइतक्या माश्या होत्या. औषधांची गरज तिथे नव्हती. औषध म्हटले की लोक जनावरांच्या दुकानातून प्रतिजैविके आणतात आणि ती मधात उतरतात. मधात ती सापडतात म्हणून २०१० मध्ये युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबवली होती. ती पुढच्या वर्षी सुरू झाली, पण तोवर निर्यातदारांचे व्हायचे ते नुकसान झाले.

फुले नसतात तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो. एक किलो साखरेला एक लिटर पाणी, गार करून, संध्याकाळी, पेटीच्या आत. गूळ देऊ नये, माश्यांना हगवण लागते. आणि पाक चालू असताना मधकोठी वर ठेवू नये. आपल्या धंद्यातील लबाडी इथूनच सुरू होते. माशी तो पाक घरांत भरते, वरून मेणाने बंद करते आणि दिसायला तो अगदी मध दिसतो. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणतो, ‘‘माश्यांनीच केला आहे, भाऊ.’’ शब्द खरा आणि माल खोटा.

ज्या दुकानदाराने माझ्याकडे चौकशी केली त्याला एका घाऊकवाल्याने पाच लिटरच्या कॅनमध्ये मध देऊ केला होता, इतक्या कमी भावात की त्यात साखरेचीही किंमत निघत नव्हती. त्याला ते कळत होते. तो म्हणाला, ‘‘सगळे विकतात. गिऱ्हाईक स्वस्त मागते.’’ मी त्याला एवढेच विचारले की तू बरणीवर काय लिहिणार आहेस? कुरआन शरीफच्या सोळाव्या सूरेचे नावच अन्-नहल, म्हणजे मधमाशी. आपल्याकडचा गिऱ्हाईक मध केवळ गोडासाठी घेत नाही, शिफा समजून घेतो, आजारी माणसासाठी घेतो. त्याला पाक विकणे हे साध्या भेसळीहून वाईट आहे. तो दुकानदार गप्प बसला. पुढे त्याने तो माल घेतला की नाही हे मला माहीत नाही.

मोठ्या नावांवरही डोळे मिटून विसंबू नये. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली. एनएमआर या बारीक चाचणीत त्यातले १० नापास झाले. तांदूळ वगैरेपासून केलेले असे पाक निघाले आहेत की जुन्या चाचण्यांत ते पकडलेच जात नाहीत. मग काडीपेटीची काडी मधात बुडवून पेटवणे, पाण्यात थेंब सोडणे, कुत्र्यापुढे ठेवणे, या गोष्टींना काय अर्थ? त्यांनी खोटा मध पास होतो आणि खरा नापास होतो. खरा मध थंडीत गोठतो, काही फुलांचा तर महिनाभरात साखरेसारखा होतो. गिऱ्हाईक तो परत घेऊन येते. त्याला कोमट पाण्यात बरणी ठेवून दाखवावी आणि समजावून सांगावे. मी आता बरणीवरच तसे लिहून ठेवतो.

मध काढताना घरांवर मेणाचे झाकण आले की नाही पाहावे. चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग झाकलेला असेल तरच ती मधयंत्रात घालावी. घाईने काढलेल्या मधात पाणी जास्त राहते आणि तो आंबतो. सरकारी मानकाप्रमाणे पाणी वीस टक्क्यांवर जाता कामा नये. पोळे पिळू नये. यंत्रात फिरवून मध काढला की तेच पोळे माश्यांना परत देता येते आणि त्यांची मेण घालण्याची मेहनत वाचते. सगळा मध काढून घेणारा पुढच्या महिन्यात साखर विकत आणतो. विक्रीसाठी अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी करून घ्यावी. आणि एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये असे डॉक्टर सांगतात, ते गिऱ्हाइकाला जरूर सांगावे, घरच्या वडीलधाऱ्यांना राग आला तरी.

शिकायचे कुठे, तर पुण्यात खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्यांच्या मध केंद्र योजनेत निम्मे अनुदान, निम्मे स्वतःचे पैसे आणि आधी प्रशिक्षण अशी अट आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर गाव २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तिथे जाऊन गावकऱ्यांशी दोन दिवस बोलले तरी पत्रकात नसलेले बरेच कळेल. आपले लोक सरकारी कचेरीत जायला कचरतात, अर्ज आपल्यासाठी नसतात असे धरून चालतात. इथे तसे काही नाही, आधार कार्ड आणि वेळ लागतो.

भाच्याने पत्रकवाल्याला नकार दिला. दोन पेट्या घेतल्या, त्याही उघडून, चौकटी मोजून. एक पेटी त्याने परत करून बदलून घेतली. मिस्त्रींकडे तो दर शुक्रवारी दुपारनंतर बसतो आणि तिसरी पेटी स्वतःच्या हाताने करतो आहे. परवा अण्णांच्या बांधावरून त्याचा फोन आला, ‘‘मामू, पोळ्याच्या खालच्या कडेला दोन शेंगा दिसताहेत.’’ मी दुकान मुलावर सोपवले आणि धुराडे घेऊन निघालो.